औषधाने थांबलेलं हृदय आणि पांढरी बाटली: लिपिड इमल्शन म्हणजे काय, ते काम कसं करतं?

"जिभेला मुंग्या येतायत का? तोंडात लोखंडासारखी चव? कानात शिट्टी वाजल्यासारखं काही?"

मागच्या पावसाळ्यात बाईकवरून घसरलो आणि मनगट मोडलं. ऑपरेशनसाठी पूर्ण भूल द्यायची नाही, फक्त हात बधिर करायचा असं ठरलं. भूलतज्ज्ञ मॅडम सोनोग्राफीच्या स्क्रीनकडे बघत माझ्या काखेजवळ सुई धरून उभ्या होत्या. थोडं औषध सोडायच्या, थांबायच्या आणि हेच तीन प्रश्न विचारायच्या. परत थोडं औषध, परत तेच प्रश्न. मला वाटलं, माझं लक्ष दुसरीकडे वळवायला बोलतायत.

बाजूच्या ट्रॉलीवर दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची एक बाटली होती. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ती तुला लागू नये म्हणून मी हे प्रश्न विचारतेय."

हात बरा व्हायला दोन महिने लागले. तेवढ्या वेळात एका हाताने कोड लिहिणं जमेना, म्हणून त्या बाटलीबद्दल वाचत बसलो. आपल्याकडे नेहमी फोन, ॲप, प्रोसेसर यांच्यावर लेख असतात, हा थोडा वेगळा आहे. पण मला ही गोष्ट एखाद्या चांगल्या डीबगिंगच्या गोष्टीसारखी वाटली. कुणीतरी एक अंदाज बांधला, तो साफ चुकला आणि त्या चुकीतून एक उतारा सापडला. शिवाय शेवटच्या भागाचा संबंध तुम्ही ऑनलाइन मागवता त्या एका वस्तूशी आहे, तेव्हा तिथपर्यंत नक्की वाचा.

बधिर करणारं औषध हृदय कसं थांबवतं?

दात काढताना डेंटिस्ट जे इंजेक्शन देतो ते बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. हात, खांदा, पाय असा मोठा भाग बरेच तास बधिर ठेवायचा असेल तर बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन वापरतात. काम सगळ्यांचं एकच. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमचे कण आत घेणारी बारीक दारं असतात. ती उघडली की विजेचा संदेश पुढे सरकतो. औषध ही दारं अडवतं, संदेश थांबतो आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचत नाही.

अडचण अशी की हृदयाचा ठोकासुद्धा अशाच सोडियमच्या दारांवर चालतो. औषध जिथे टोचलं तिथेच राहिलं तर काही बिघडत नाही. पण सुईचं टोक चुकून रक्तवाहिनीत गेलं, किंवा औषध जास्त झालं आणि भराभर रक्तात शोषलं गेलं, तर ते आधी मेंदूवर आणि मग हृदयावर परिणाम करतं. जिभेला मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, अस्वस्थपणा ही मेंदूकडून येणारी पहिली लक्षणं. त्यानंतर फिट येऊ शकते, ठोके बिघडतात, रक्तदाब कोसळतो आणि शेवटी हृदय थांबतं. नेहमी हाच क्रम असतो असंही नाही, काही वेळा पहिलं लक्षण थेट हृदयाचंच असतं. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा हाताशी मिनिटंच असतात.

यात बुपिवाकेन जास्त बदनाम आहे, त्याचं कारण सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. लिग्नोकेन सोडियमच्या दारात जातं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात बाहेर पडतं. म्हणजे लॉक घेतलं, काम केलं, सोडून दिलं. बुपिवाकेन झटकन आत शिरतं, पण बाहेर यायला वेळ लावतं. तोवर पुढचा ठोका येतो. दर ठोक्यागणिक अडलेली दारं वाढत जातात आणि अख्खी सिस्टीम हँग होते. त्यातच हे औषध पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात चरबी पोचवणारी यंत्रणाही अडवतं. हृदय आपली बरीचशी ऊर्जा चरबीपासूनच मिळवतं, त्यामुळे एकीकडे विजेचा बिघाड आणि दुसरीकडे इंधन बंद. नेहमीचे उपाय, म्हणजे छाती दाबणं, शॉक देणं, ॲड्रेनलिन, अशा हृदयावर फार वेळा निष्फळ ठरायचे.

१९७९ मध्ये 'ॲनेस्थेशिऑलॉजी' या अमेरिकन नियतकालिकात जॉर्ज ऑलब्राइट या डॉक्टरांनी संपादकीय लिहून ही गोष्ट ठळकपणे मांडली. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत बाळंतपणासाठी ०.७५ टक्क्यांचं बुपिवाकेन वापरू नये असं ठरलं. जपून द्या, कमी द्या, हळू द्या, एवढंच हाती होतं. उतारा नव्हता.

इथे एक खुलासा. आईच्या, ताईच्या सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा बुपिवाकेनचंच असतं. ते वाचून घाबरू नका. पाठीतल्या त्या इंजेक्शनचा डोस साधारण १० ते १२ मिलिग्रॅम असतो. खांद्याच्या किंवा हाताच्या ब्लॉकला त्याच्या आठ-दहा पट लागू शकतो. धोका तिथे मोठा आहे.

पांढऱ्या बाटलीत काय असतं?

सोयाबीनचं तेल. खरंच.

२० टक्क्यांच्या लिपिड इमल्शनमध्ये दर १०० मिलिलीटरला २० ग्रॅम सोयाबीन तेल असतं, १.२ ग्रॅम अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड आणि थोडं ग्लिसरीन. बाकी पाणी. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत आहे. फॉस्फोलिपिडचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, त्यामुळे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात. थेंब एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नुसतं तेल शिरेतून दिलं तर ते फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकून माणूस मरेल. हे इमल्शन मात्र जेवणानंतर आपल्या रक्तात फिरणाऱ्या चरबीच्या कणांसारखंच असतं, म्हणून शरीर ते चालवून घेतं.

स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी ते बनवलं आणि १९६२ पासून ते 'इंट्रालिपिड' या नावाने तिथे वापरात आलं. हेतू अगदी साधा होता. ज्या रुग्णाला तोंडाने जेवता येत नाही त्याला शिरेतून कॅलरी द्यायच्या. आजही आयसीयूत आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ते याच कामासाठी देतात. म्हणजे आपण ज्याला जीव वाचवणारा उतारा म्हणतोय ते मुळात अन्न आहे.

चुकलेला अंदाज

१९९०च्या दशकात शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांच्यासमोर एक विचित्र केस आली. एका तरुण रुग्णाला अगदी थोडं बुपिवाकेन दिलं होतं, तरी तिच्या हृदयाचे ठोके भयंकर बिघडले. तिच्या शरीरात जन्मतः कार्निटिन कमी होतं. कार्निटिन हा चरबी उचलून मायटोकॉन्ड्रियात नेणारा हमाल समजा.

वाइनबर्ग यांनी धागा जोडला. बुपिवाकेन हीच वाहतूक अडवतं, या मुलीत ती आधीच अडलेली होती, म्हणून थोड्या औषधानेही घात झाला. मग यावरून पुढचा अंदाज असा, की रक्तात आधीच भरपूर चरबी सोडली तर ती पेशीत तुंबेल आणि बुपिवाकेनचं विष आणखी जोरात भिनेल. हे तपासायला त्यांच्या गटाने उंदरांना आधी लिपिड इमल्शन दिलं आणि मग बुपिवाकेन.

उंदीर लवकर मरायला हवे होते. ते मरेनात! हृदय थांबवायला उलट जास्त औषध लागू लागलं. चरबीचं प्रमाण वाढवलं की लागणारं औषधही वाढत गेलं. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात औषध आधी देऊन मग लिपिडने उपचार केले, तेव्हा जीवघेणा डोस सुमारे ४८ टक्क्यांनी वर सरकला. हा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या अंदाजाच्या बरोब्बर उलटा निकाल आला की बरेच लोक "काहीतरी गडबड झाली" म्हणून लॉग बंद करतात. यांनी केला नाही, म्हणून ही गोष्ट पुढे सरकली.

२००३ मध्ये त्यांनी बारा कुत्र्यांवर प्रयोग केला. सगळ्यांची हृदयं बुपिवाकेनने थांबवली, दहा मिनिटं हाताने हृदय दाबत रक्त फिरतं ठेवलं आणि मग सहांना लिपिड दिलं, सहांना सलाईन. लिपिडवाले सहाच्या सहा वाचले. सलाईनवाला एकही वाचला नाही. प्राण्यांवरचे प्रयोग वाचायला मला बरं वाटत नाही, पण सहा विरुद्ध शून्य हा आकडा विसरताही येत नाही.

मिसळीची तर्री

मग हे होतं कसं? पहिलं स्पष्टीकरण तुमच्या समोरच्या मिसळीत आहे. रश्श्यावर लालभडक तर्री तरंगते आणि तिखटाचा रंग तिच्यातच का उतरलेला असतो? कारण तिखटातला रंग आणि जाळ दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत. जिथे तेल आहे तिथे ते आपोआप ओढले जातात. फोडणीत हळद टाकल्यावर तेल पिवळं होतं तेही याचमुळे.

बुपिवाकेन हे असंच तेलाकडे धावणारं औषध आहे. रक्तात अचानक तेलाचे असंख्य थेंब सोडले की त्यातलं बरंचसं त्या थेंबांत शिरतं. रक्तातलं मोकळं औषध कमी झालं की हृदयाच्या पेशीत बसलेलं औषध बाहेर पडू लागतं. याला सुरुवातीला 'लिपिड सिंक' म्हटलं गेलं, म्हणजे विष खेचून घेणारी चरबीची मोरी.

पण मोरी म्हटलं की वाटतं, गेलं ते गेलं. प्रत्यक्षात थेंब थांबून राहत नाहीत, रक्ताबरोबर फिरतात. हृदय आणि मेंदूतून औषध उचलायचं आणि स्नायू, यकृत अशा ठिकाणी नेऊन उतरवायचं, जिथे ते तितकं घातक नाही किंवा मोडून टाकलं जातं. म्हणून आता 'लिपिड शटल' हा शब्द जास्त वापरतात. मोरीपेक्षा एसटी जास्त जवळची. शिवाय चरबी हे हृदयाचं इंधन, त्यामुळे विषाचं प्रमाण थोडं खाली आलं की हीच चरबी हृदयाचं आकुंचन जोरकस करायलाही मदत करते असं प्रयोगांत दिसलंय. नेमका कुठल्या परिणामाचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून चर्चा चालू आहे.

यातून एक गोष्ट मात्र उघड आहे. एसटी रस्त्याशिवाय चालत नाही. हृदय थांबलं असताना कुणीतरी छाती दाबून रक्त फिरवत असेल तरच लिपिड हृदयापर्यंत पोचतं. सीपीआर थांबवून बाटली लावली तर बाटलीचा उपयोग शून्य.

पहिला माणूस

२००६. न्यूयॉर्कचं माउंट सायनाय रुग्णालय. ५८ वर्षांच्या एका गृहस्थांच्या खांद्याची शस्त्रक्रिया होती. मानेच्या बाजूने ब्लॉक दिला, त्यात २० मिलिलीटर बुपिवाकेन ०.५ टक्के आणि २० मिलिलीटर मेपिवाकेन १.५ टक्के होतं. आता हे टक्के मिलिग्रॅममध्ये काढायला शिकून घ्या, पुढे लागेल. टक्क्यांना दहाने गुणलं की एका मिलिलीटरमधले मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे १०० मिलिग्रॅम बुपिवाकेन आणि ३०० मिलिग्रॅम मेपिवाकेन.

थोड्याच वेळात त्यांना फिट आली आणि हृदय थांबलं. सुमारे वीस मिनिटं सीपीआर, शॉक, औषधं सगळं झालं. हार्ट-लंग मशीन लावायची तयारी सुरू होती. तेवढ्यात लिपिडची आठवण झाली आणि १०० मिलिलीटर इंट्रालिपिड शिरेतून दिलं. काही सेकंदांत मॉनिटरवर एक ठोका दिसला, मग दुसरा, मग नीट लय. ते गृहस्थ मेंदूला इजा न होता बरे झाले. त्याच वर्षी जर्मनीतून ८४ वर्षांच्या बाईंची केस प्रसिद्ध झाली, तिथे रोपिवाकेन होतं आणि तिथेही लिपिडने हृदय परत चालू झालं.

उंदरांपासून माणसापर्यंत आठ वर्षं. त्यानंतर मात्र वेग वाढला. २००७ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१० मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ रीजनल ॲनेस्थेशियानेही. जिथे मोठे ब्लॉक दिले जातात तिथे ही बाटली हाताशी असावी हा आता नियम मानला जातो. माझ्या ट्रॉलीवर ती होती ती त्यामुळे.

किती देतात?

हे घरी करायचं काम नाही हे सांगायला नको, पण आकडे कळले की आवाका कळतो. २० टक्क्यांचं इमल्शन, वजनाच्या दर किलोला १.५ मिलिलीटर, एकदम. ६० किलोच्या माणसाला ९० मिलिलीटर, म्हणजे १८ ग्रॅम तेल, साधारण चार छोटे चमचे. मग दर मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलिलीटरने चालू ठेवतात, म्हणजे याच माणसाला मिनिटाला १५ मिलिलीटर. हृदय नाहीच सुरू झालं तर पहिला डोस पुन्हा देतात आणि वेग दुप्पट करतात. एकूण मर्यादा किलोमागे १२ मिलिलीटर. ७० किलोच्या वरच्यांसाठी अमेरिकन सूचनांनी हिशेब आणखी सोपा केलाय, पहिल्यांदा सरळ १०० मिलिलीटर. गडबडीत गुणाकार करत बसायला नको.

दोन गोष्टी इथे नेहमीच्या सवयीविरुद्ध जातात, आणि चूक तिथेच होते. एक, हृदय थांबल्यावर नेहमी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन देतात. इथे किलोमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त देऊ नका असं अमेरिकन सूचना सांगतात, म्हणजे ६० किलोला ०.०६ मिलिग्रॅम. मोठ्या डोसने आधीच त्रासलेल्या हृदयाचं आणखी बिघडतं. दुसरं, ठोके बिघडले म्हणून लिग्नोकेन देऊ नका. तेही त्याच घराण्यातलं आहे.

तिसरी एक फसवी गोष्ट आहे, प्रोपोफॉल. भूल द्यायचं हे औषधही दुधासारखं पांढरं असतं, कारण तेही लिपिड इमल्शनमध्येच विरघळवलेलं असतं, पण १० टक्क्यांच्या. मग लिपिड नसेल तर तेच द्यावं का? गणित करून बघा. १८ ग्रॅम तेल हवं तर १८० मिलिलीटर प्रोपोफॉल लागेल. त्यात १८०० मिलिग्रॅम औषध. ६० किलोच्या माणसाला झोपवायला साधारण १२० मिलिग्रॅम पुरतं. पंधरा पट भूल, आणि प्रोपोफॉल स्वतःच रक्तदाब पाडतं. दिसायला सारखं म्हणून काम सारखं नाही.

रुग्ण सावरल्यावरही सोडत नाहीत. स्नायूंत उतरवलेलं औषध परत रक्तात येऊ शकतं, त्यामुळे हृदयावर परिणाम झाला असेल तर निदान चार ते सहा तास नजरेखाली ठेवतात.

मग प्रत्येक विषावर हाच उतारा का नाही?

हा प्रश्न मलाही पडला. २००८ मध्ये अमेरिकेतून एक केस प्रसिद्ध झाली. १७ वर्षांच्या एका मुलीने नैराश्यावरच्या आणि फिटच्या गोळ्या, बुप्रोपिऑन आणि लॅमोट्रिजिन, फार मोठ्या प्रमाणात घेतल्या होत्या. सुमारे सत्तर मिनिटं सीपीआर चालला. शेवटी १०० मिलिलीटर लिपिड दिलं आणि मिनिटभरात नाडी लागली. ती वाचली. ही बातमी पसरल्यावर जगभरच्या इमर्जन्सी विभागांत वेगवेगळ्या औषधांच्या विषबाधेत लिपिड देऊन बघणं सुरू झालं.

इथे जरा थांबा. ॲप स्टोअरवर एखाद्या ॲपला शंभर पंचतारांकित रिव्ह्यू असतात, पण ज्यांच्या फोनवर ते इन्स्टॉलच झालं नाही त्यांनी लिहिलेलंच नसतं. वैद्यकीय केस रिपोर्टचंही तसंच आहे. रुग्ण वाचला की डॉक्टर निबंध लिहितात. लिपिड देऊनही गेला, तर त्यात छापण्यासारखं काही वाटत नाही. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना लिपिड आणि अर्ध्यांना काहीच नाही, असा प्रयोग हृदय थांबलेल्या माणसांवर करणं अवघड आहे. म्हणून पुरावा प्राण्यांवरचे प्रयोग आणि केस रिपोर्ट एवढ्यावरच उभा आहे. प्राण्यांतही सगळे एकमत नाहीत, डुकरांवरच्या काही प्रयोगांत फायदा दिसला नाही.

२०१६ मध्ये विषतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सगळा पुरावा चाळला. बुपिवाकेनमुळे हृदय थांबलं तर लिपिड द्या, असं त्यांनी सांगितलं. बाकी विषांमुळे हृदय थांबलं असेल तर त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या सूचनांत स्थानिक भुलीच्या औषधांसाठी लिपिडला जोरदार पाठिंबा आहे. पण रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर आणि कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गोळ्यांच्या विषबाधेत ते नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असं त्याच सूचना सांगतात. माझं मत विचाराल तर हे उत्तर मला आवडलं. एका ठिकाणी उत्तम चाललेला पॅच सगळ्या सर्व्हरवर टाकायची घाई करणाऱ्यांना हे ऐकवायला हवं.

तोटेही आहेत. रक्त इतकं दुधाळ होतं की प्रयोगशाळेतले काही रिपोर्ट काही तास विश्वासाचे राहत नाहीत. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो, डायलिसिसचे फिल्टर तुंबू शकतात. आणि गोळ्या पोटात असतील तर लिपिडमुळे त्या आतड्यातून जास्त शोषल्या जाण्याची शक्यताही सांगितली जाते. समोर मृत्यू उभा असेल तर हे सगळं पत्करता येतं. तसं नसेल तर नाही.

घरात कुणी जास्त गोळ्या घेतल्या असतील तर इंटरनेटवर उतारा शोधू नका. १०८ ला फोन करा, गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत घ्या, श्वास किंवा नाडी नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. आणि मनात तसे विचार येत असतील तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

फोनमधली चेकलिस्ट

आमच्या क्षेत्राशी थेट संबंध इथे येतो. ही घटना इतकी दुर्मिळ आहे की अनेक भूलतज्ज्ञांना अख्ख्या नोकरीत ती कधी दिसतही नाही. आणि दिसते तेव्हा डोकं गोठतं. ॲड्रेनलिन कमी द्यायचं हे वाचलेलं असतं, पण हात सवयीने पूर्ण अँप्युलकडे जातो. म्हणून अमेरिकन सोसायटीने एक पानाची चेकलिस्ट केली आणि नंतर तिचं मोबाईल ॲपही. शिकाऊ डॉक्टरांवर पुतळ्यांच्या साहाय्याने चाचण्या घेतल्या, तेव्हा चेकलिस्ट हातात असलेल्यांनी योग्य पायऱ्या जास्त पाळल्या. पुढे असंही दिसलं की एकाने फक्त स्क्रीन वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी काम करायचं, ही पद्धत चांगली चालते. वाचणाऱ्याचे हात रिकामे असतात, म्हणून त्याचं डोकं चालू राहतं. आमच्याकडे सर्व्हर पडतो तेव्हा कीबोर्ड एकाच्या हातात आणि रनबुक दुसऱ्याच्या हातात देतो, ते यासाठीच.

आणि आता तुमच्या कार्टमधलं क्रीम

टॅटू काढायच्या आधी किंवा लेझरने केस काढायच्या आधी लावायचं बधिर करणारं क्रीम ऑनलाइन सहज मिळतं. त्यात बहुतेक वेळा लिग्नोकेनच असतं, पाकिटावर 'लिडोकेन' असं लिहिलेलं सापडेल. दोन्ही एकच.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणी लेझरच्या आधी पायांना असं जोरदार क्रीम लावून, सांगितल्याप्रमाणे वरून प्लास्टिक गुंडाळून निघाल्या होत्या. दोघींना फिट आल्या, त्या कोमात गेल्या आणि वारल्या. २०२४ मध्ये एफडीएने पुन्हा काही कंपन्यांना त्यांच्या टॅटूच्या क्रीमबद्दल नोटिसा पाठवल्या. लोकांना सांगितलं की प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारं ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेनचं क्रीम त्वचेवर वापरू नका, मोठ्या भागावर किंवा सोललेल्या त्वचेवर थापू नका, वर प्लास्टिक गुंडाळू नका.

मघाचं गणित आता वापरा. १० टक्के लिडोकेनची ३० ग्रॅमची ट्यूब म्हणजे ३००० मिलिग्रॅम औषध. ६० किलोच्या माणसाला नुसतं लिग्नोकेन टोचायची नेहमीची मर्यादा साधारण २७० मिलिग्रॅम आहे. धडधाकट त्वचेतून सगळं शोषलं जात नाही हे खरं. पण प्लास्टिक, उष्णता, नुकताच फिरवलेला रेझर आणि सुईने टोचलेली त्वचा ही सगळी शोषण वाढवणारी कारणं आहेत, आणि टॅटूच्या खुर्चीत ती एकत्र येतात. टॅटू स्टुडिओत पांढरी बाटली नसते. ती द्यायला शिर शोधणारा माणूसही नसतो.

क्रीम लावल्यावर तोंडाभोवती बधिरपणा, धातूची चव, कानात आवाज, गरगरणं, अंगात थरथर यातलं काही जाणवलं तर क्रीम लगेच पुसून धुवून काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. कुठलं क्रीम, किती टक्के, किती वेळ लावलं होतं हे तिथे सांगा. ट्यूबचा फोटो काढून ठेवला असेल तर उत्तम.

आणि ऑपरेशन टेबलवर असाल, भूलतज्ज्ञ तेच तीन प्रश्न विचारत असतील, तर लाजू नका, उगाच "नाही नाही, ठीक आहे" म्हणू नका. वजन खरं सांगा, कारण डोसचा सगळा हिशेब त्यावर होतो. अंड्याची किंवा सोयाबीनची मोठी ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा. मला चौथ्या वेळी जीभ जराशी जड वाटली होती. मी तसं सांगितलं. मॅडमनी सुई तिथेच थांबवली, दोन मिनिटं मॉनिटर बघितला, मला बोलतं ठेवलं. काही झालं नव्हतं, बहुतेक तोंड कोरडं पडलं होतं. मग सिरिंजचा दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना ते पुन्हा पाहिलं आणि उरलेलं औषध आणखी हळू सोडलं.